कौटिलीय नगरांतील अग्निनिवारणाची व्यवस्था

कौटिलीय अर्थशास्त्राची ग्रंथ लिपींतील प्रत इ. स. १९०५ मध्यें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आली व शामशास्त्री यांनीं ती १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केली. तेव्हांपासून आजच्या प्रत्येक सरकारी खात्याचें मूळ या ग्रंथांत शोधण्याचा मोह अभ्यासकांस पडत आला आहे. आग विझविणारें खातें हें त्यांपैकींच एक. आग विझविण्यासाठीं माणसें कोणाचीं, साधनें कोणाचीं आणि देखरेख कोणाची, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांतील वचनांवरून काय निघतात, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

हा विषय दुसऱ्या अधिकरणाच्या छत्तिसाव्या अध्यायांत, म्हणजे नागरिकप्रणिधींत, आला आहे. येथें 'नागरिक' म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी, सामान्य नगरवासी नव्हे. त्याच्या हाताखालीं नगराच्या चौथ्या हिश्शावर स्थानिक, आणि दहा, वीस किंवा चाळीस कुळांवर गोप नेमावयाचा असतो. गोपानें आपल्या कुळांतील माणसांची नांवनिशी, धंदा व जमाखर्च ठाऊक ठेवावयाचा. या सर्व उतरंडींत केवळ आगीसाठीं नेमलेला एकही मनुष्य सांगितलेला नाहीं.

साधनांची यादी मात्र तपशीलवार आहे. पांच घागरी, मोठा कुंभ, द्रोणी म्हणजे पाण्याची डोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, कचग्रहणी आणि दृति म्हणजे चामड्याची पखाल, एवढीं साधनें सिद्ध न ठेवल्यास पाव पण दंड आहे. यांपैकीं 'कचग्रहणी' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. कच म्हणजे केस. परंतु येथें छपराचें गवत ओढून काढणारी आंकडी असाच अर्थ घेणें प्राप्त आहे. कुऱ्हाड, अंकुश व ही आंकडी एकत्र पाहिलीं म्हणजे पद्धति स्पष्ट होते. पेटलेलें घर पाण्यानें विझविण्याइतकेंच, त्याचें छप्पर तोडून शेजारचें घर वांचविणें महत्त्वाचें मानलें जात होतें. घरांतील या साधनांखेरीज रस्त्यांवर, चौकांत, वेशींत व राजकीय इमारतींपाशीं पाण्याचे घडे हजारोंनीं मांडून ठेवावयाचे होते.

प्रतिबंधाचे नियमही तितकेच व्यवहारी आहेत. ग्रीष्मांत दिवसाच्या चार भागांपैकीं मधल्या दोन भागांत अग्नि पेटविल्यास एक अष्टमांश पण दंड. अथवा स्वयंपाक घराबाहेर करावा. गवत व चटया यांचीं आच्छादनें काढवावीं, लोहारादि अग्नीवर उपजीविका करणाऱ्यांस एका ठिकाणीं वसवावें, आणि घरधन्यांनीं रात्रीं आपापल्या दाराशीं असावें.

आतां दंडांचा क्रम पाहावा. आग लागली असतां धांवून न जाणाऱ्या घरधन्यास बारा पण, भाडेकऱ्यास सहा पण. निष्काळजीपणानें आग लागल्यास चौपन्न पण. जाणूनबुजून आग लावणाऱ्याचा तर अग्नीनेंच वध सांगितला आहे. धांवून जाणें हें स्वतःच्याच घरापुरतें, कीं कोणाच्याही, अशी शंका येथें संभवते. तिचें उत्तर त्याच अध्यायांत आहे. रात्रीं संचारबंदीचा तूर्यनाद झाल्यावर बाहेर फिरणाऱ्यास पकडावयाचें असतें. परंतु सुईण, वैद्य, प्रेत इत्यादि कारणांबरोबर अग्नि हेंही कारण सुटीच्या यादींत आहे. मनुष्य आपल्या घराबाहेर आगीकडे धांवणार हें गृहीत नसतें, तर या सुटीचें प्रयोजनच उरलें नसतें. म्हणून हें कर्तव्य सर्वसामान्य मानणें युक्त होय.

तात्पर्य, माणसें व घरांतील साधनें नगरवासीयांचीं, देखरेख व दंड नागरिकाचा, अशी ही वांटणी आहे. रोममध्यें ऑगस्टस बादशहानें इ. स. ६ मध्यें सात पथकें उभारून नगराचे चौदा विभाग त्यांस वांटून दिले. त्यास खातें म्हणणें योग्य. कौटिल्याच्या व्यवस्थेस तें नांव देणें म्हणजे तिचें वैशिष्ट्यच पुसून टाकणें होय.

आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. लांकडांत अग्नि लपून असतो म्हणून तट लांकडाचा नसावा, असें हाच ग्रंथ दुर्गविधानांत बजावतो. उलट पाटलिपुत्राचा तट लांकडी होता असें मेगास्थेनीसच्या आधारें ग्रीक लेखक लिहितात, आणि पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननांत तो लांकडी कोट प्रत्यक्ष सांपडला. तेव्हां हे नियम नगर कसें असावें हें सांगणारे आहेत. अमुक नगर तसें होतें याचा तो पुरावा नव्हे. तें सिद्ध करण्यास शिलालेख व दप्तरें हींच साधनें. ज्यांच्या संग्रहीं जुन्या कोतवालीचे कागद असतील, त्यांनीं आगीसंबंधींच्या नोंदी या दृष्टीनें तपासून प्रसिद्ध कराव्या, अशी विनंति आहे.