अद्भुतकथा-वाचकांचा अभिप्रायव्यवहार

अद्भुतकथेच्या वाचकांनी वर्षभरात काय वाचले, त्यातले काय मनास उतरले आणि काय फसले, याचा हिशेब परस्परांपुढे मांडण्याची व त्यावर खल करण्याची परंपरा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील स्वस्त कथामासिकांच्या पत्रसदरांतून ती सुरू झाली, हौशी नियतकालिके, वाचकमंडळे व वार्षिक मतदाने यांच्या द्वारा विस्तारली, आणि आज तिचा बहुतेक व्यवहार आंतरजालावर चालतो. अन्य वाङ्मयप्रकारांत कोणती कृती टिकावी याचा निवाडा समीक्षक, विद्यापीठे व अभ्यासमंडळे करीत आली. अद्भुतकथेच्या बाबतीत मात्र तो दीर्घकाळ वाचकांच्याच दप्तरी लिहिला गेला, आणि म्हणून या प्रकाराच्या इतिहासात वाचकांच्या अभिप्रायास मुख्य प्रकरणाचे स्थान द्यावे लागते.

शिकागो येथून मार्च १९२३ मध्ये निघालेल्या ‘विअर्ड टेल्स’ या मासिकात ‘द आयरी’ नावाचे पत्रसदर असे. १९२४ पासून १९४० पर्यंत संपादक असलेल्या फार्न्सवर्थ राइट यांनी या सदरास केवळ स्तुतिपाठाचे स्थळ राहू दिले नाही. कोणत्या अंकातील कोणती कथा वाचकांनी अव्वल ठरवली हे ते तेथे जाहीर करीत, आणि काही अंकांत कापून पाठवण्याजोगी एक छापील चिठ्ठी देत, जिच्यात आवडलेल्या कथांची नावे जशी भरावयाची तशीच न आवडलेल्या कथांचीही भरावयाची, व नावडीचे कारणही लिहावयाचे. त्या काळच्या कौलांत सीबरी क्विन यांच्या गूढान्वेषी कथा वारंवार अग्रभागी येत, तर ज्यांचे नाव आज या मासिकाबरोबर प्रथम घेतले जाते ते एच. पी. लव्हक्राफ्ट हे त्यांच्या मागे असत, आणि त्यांची एक दीर्घ कादंबरिका राइट यांनी १९३१ मध्ये साभार परतही केली होती. महिन्याचा कौल आणि पिढीचा कौल यांत असे अंतर पडते. परंतु पिढीचा कौलही वाचकांतूनच आला: लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्याशी पत्रव्यवहाराने जोडलेल्या ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वॉन्ड्रे या दोन तरुण लेखकांनी, रूढ प्रकाशकांनी नकार दिल्यावर, १९३९ साली ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था स्वतः उभारली आणि त्यांच्या कथांचा पहिला मोठा संग्रह छापला.

याच सुमारास ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या १९२६ मध्ये सुरू झालेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ने पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. ही गोष्ट दिसावयास किरकोळ, परंतु तिचा परिणाम दूरगामी झाला. कारण आता वाचकाने संपादकास लिहिलेल्या पत्राचे उत्तर दुसऱ्या शहरातील अनोळखी वाचक थेट टपालाने देऊ लागला, आणि संपादकाची मध्यस्थी संपली. चार्ल्स हॉर्निग या किशोराने सप्टेंबर १९३३ पासून फेब्रुवारी १९३५ पर्यंत चालवलेले ‘द फँटसी फॅन’ हे अद्भुतकथेस वाहिलेले पहिल्या पिढीतले हौशी नियतकालिक. लव्हक्राफ्ट यांचा अतिमानुष भयकथेवरील प्रदीर्घ निबंध सुधारित रूपात त्यातूनच क्रमशः येऊ लागला होता, आणि मासिक बंद पडल्यामुळे अर्धवट राहिला.

१९३७ साली डोनाल्ड वॉल्हाइम यांच्या पुढाकाराने ‘फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन’ स्थापन झाली. तिची कार्यपद्धती तपशीलवार पाहण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व व्यवहाराचा साचा तिच्यात सापडतो. प्रत्येक सभासदाने आपले पत्रक स्वखर्चाने, सभासदसंख्येइतक्या प्रतींत काढून नियुक्त संपादकाकडे धाडावयाचे. संपादकाने सर्वांची पत्रके एकत्र बांधून दर तिमाहीस एकेक गठ्ठा प्रत्येकास रवाना करावयाचा. आणि पुढील तिमाहीच्या पत्रकात मागच्या गठ्ठ्यातील इतरांच्या लेखनावर, नाव घेऊन, अभिप्राय देण्याचा प्रघात पडला. सभासदत्व टिकवण्यासाठी वर्षाकाठी किमान आठ पृष्ठांचा मजकूर देण्याची अट असे. प्रती काढण्याची साधने म्हणजे सरसाच्या थरावरून जांभळ्या शाईने उमटवणारा हेक्टोग्राफ, ज्याच्या प्रती पन्नासाच्या पुढे अस्पष्ट होत जात, आणि पुढे मेणकागदाचे चक्रमुद्रण. सभासदसंख्या आरंभी पन्नास व नंतर पासष्ट इतकी मर्यादित होती. कोणी काय वाचले याची खबर, त्यावरील आक्षेप, आक्षेपकाची कैफियत आणि तिचे खंडन असा एकेक वाद तीन-तीन महिन्यांच्या अंतराने वर्ष-दीड वर्ष चाले, व या विलंबामुळेच त्याच्यात विचारास अवसर राही. प्रस्तुत नोंदकाराच्या मते या संपूर्ण परंपरेतील सर्वांत कसदार लेखन याच गठ्ठ्यांच्या पद्धतीने घडवले.

जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली, तेव्हा डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी तिची प्रशंसा केली, तर एडमंड विल्सन यांनी १९५६ मध्ये तिला पोरकट ठरवून निकालात काढले. तिचे भवितव्य मात्र १९६५ मध्ये वाचकांच्या हाती आले. त्या वर्षी एस बुक्सने, वर उल्लेखिलेले वॉल्हाइम तेथे संपादक असता, अमेरिकेतील स्वामित्वहक्काच्या त्रुटीचा लाभ घेऊन ग्रंथकाराच्या संमतीविना तिची स्वस्त आवृत्ती काढली. बॅलंटाइन या प्रकाशनसंस्थेने अधिकृत आवृत्ती आणली व तिच्या वेष्टनावर, हयात लेखकाविषयी आदर बाळगणाऱ्यांनी हीच प्रत घ्यावी, अशा आशयाचे टोल्कीन यांचे निवेदन छापले. टोल्कीन अमेरिकन वाचकांच्या पत्रांस उत्तरे लिहीत, आणि त्या उत्तरांत ही हकीकत नमूद करीत. वाचकांनी ती परस्परांत पसरवली, प्रकरणाचा बभ्रा झाला, आणि अखेर एसने मानधन देऊन पुनर्मुद्रण थांबवण्याचे मान्य केले. ज्या गृहस्थाने वाचकांस एकमेकांशी बोलण्याची शिस्तबद्ध सोय करून दिली, त्याच्याच प्रकाशनगृहास संघटित वाचकांपुढे माघार घ्यावी लागली, ही घटना या परंपरेचे सामर्थ्य जितके दाखवते तितके अन्य काहीही दाखवत नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड प्लॉट्झ या विद्यार्थ्याने अमेरिकेतील टोल्कीन मंडळ काढले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेन गुडनाइट यांनी ‘मिथोपिइक सोसायटी’ स्थापिली, आणि १९७२ मध्ये पहिले मंडळ दुसरीत विलीन झाले. इंग्लंडमधील टोल्कीन सोसायटी व्हेरा चॅपमन यांच्या प्रयत्नाने १९६९ साली उभी राहिली.

वर्षअखेरच्या ताळेबंदास संस्थारूप दिले ते ‘लोकस’ने. चार्ल्स ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या या पत्राने सरत्या वर्षातील शिफारसयोग्य पुस्तकांची यादी व वाचकांचे वार्षिक मतदान अशी दुहेरी पद्धत रूढ केली. मतदान १९७१ पासून आहे; अद्भुतकथेचा स्वतंत्र वर्ग १९७८ मध्ये झाला व पहिला मान टोल्कीन यांच्या मरणोत्तर ‘द सिल्मरिलियन’ला मिळाला. २००८ साली वर्गणीदारांचे मत इतरांच्या दुप्पट धरण्यात आले तेव्हा पुष्कळ वाचकांनी तक्रार केली, आणि ती न्याय्य होती. १९५३ पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार हाही जागतिक विज्ञानकथा-संमेलनाच्या वर्गणीदार सभासदांच्या मतानेच ठरतो. तेथे २०१५ मध्ये दोन गटांनी आधीच ठरवलेल्या याद्या नामांकनांत घुसवल्या. सभासदांनी पाच वर्गांत कोणासही पुरस्कार न देण्याचा कौल दिला आणि गठ्ठामतांचा प्रभाव कमी करणारा मोजणीचा नवा नियम पुढे अमलात आला. वाचकांच्या निवाड्यात लबाडी शिरू शकते, पण ती हुडकून काढणारेही वाचकच असतात.

आंतरजालाने तिमाहीचा विलंब नाहीसा केला. १९९० ते २०१३ या काळात चौदा खंडांत पूर्ण झालेल्या रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेच्या वाचकांनी, नवा खंड येण्यापूर्वी मागील सर्व खंड पुन्हा वाचून त्यांवर प्रकरणवार टिपणे करण्याचा प्रघात पाडला; २००७ मध्ये जॉर्डन निवर्तल्यावर उरलेले काम ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले, जे स्वतः या मालिकेचे लहानपणापासूनचे वाचक होते. २००७ मध्येच सुरू झालेल्या व २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेल्या ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळावर वर्षारंभी अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा संकल्प सोडावयाचा आणि प्रत्येक पुस्तकास पाचांपैकी तारे द्यावयाचे, अशी रीत आहे. ताऱ्यांची सरासरी झटपट कळते. तथापि सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या ‘विअर्ड टेल्स’मधील त्या छापील चिठ्ठीत नावडीचे कारण मागितले जात असे, आणि कारणाविना दिलेला अंक दुसऱ्या वाचकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. बनावट नावांनी प्रतिस्पर्ध्यांच्या अप्रकाशित पुस्तकांस एकेक तारा देणारा एक नवोदित ग्रंथकार २०२३ मध्ये उघडा पडला व त्याचे पुस्तक प्रकाशकाने रद्द केले.

ताऱ्यांच्या या रीतीहून मोलाचा उपक्रम म्हणजे रेडिटवरील अद्भुतकथा-वाचकांचा २०१५ पासूनचा ‘बिंगो’. आपल्या सरकारी जमाखर्चाच्या वर्षाप्रमाणे तोही १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो. पंचवीस घरांच्या तक्त्यात प्रत्येक घरास एक अट असते. एका तक्त्यात एका लेखकाचे नाव दोनदा येऊ द्यावयाचे नाही, पूर्वी वाचलेले पुस्तक एकदाच चालते, आणि एखादी अट जड गेल्यास एकच घर बदलून घेता येते. लेखकाची पुनरुक्ती वर्ज्य केल्यामुळे, वर्षभर एकाच प्रिय मालिकेत रमणाऱ्यास निदान वीस-बावीस अन्य लेखकांच्या दारी जावे लागते, आणि वाटल्यास त्यांच्याविषयी चार ओळी लिहिता येतात.

या परंपरेचे जुने कागद अमेरिकेतील दोन ग्रंथालयांत विशेष मोठ्या प्रमाणावर सुरक्षित आहेत: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ईटन संग्रहात, आणि आयोवा विद्यापीठातील हेव्हलिन संग्रहात, ज्याच्या हौशी नियतकालिकांचे अंकीकरण त्या विद्यापीठाने हाती घेतले. अद्भुतकथेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने प्रकाशकांच्या सूची चाळण्यापूर्वी ही दप्तरे उघडावीत.