चापावरचे बोट

हिवाळी युद्धांच्या इतिहासात बुटांना आणि ओव्हरकोटांना पानेच्या पाने मिळतात. हातमोजे मात्र तळटिपेत जातात. याला कारण आहे. पायाला थंडीत एकच काम असते, उबदार राहून चालत राहण्याचे. ते काम जाड बुटाने भागते आणि बूट चांगला की वाईट हे एका वाक्यात सांगता येते. हाताला मात्र दोन कामे असतात आणि ती एकमेकांच्या मुळावर येतात. बोटे गोठू नयेत म्हणून आवरण जाड हवे, आणि त्याच बोटांनी काडतूस भरायचे, खटका सोडायचा, चाप ओढायचा, म्हणून ते पातळही हवे. दोन्ही कामे एकाच हातमोज्याने व्हावीत ही अपेक्षा फौजांनी, शिकाऱ्यांनी आणि कारखानदारांनी गेली शंभर वर्षे तरी बाळगली आहे. दुकानातही गिऱ्हाईक तेच मागते: गरमही हवा आणि बंदूकही चालवता आली पाहिजे. इतिहासातला पुरावा या अपेक्षेच्या विरुद्ध जातो. कडाक्याच्या थंडीत ज्यांचे हात वाचले, ते एखादा अद्भुत हातमोजा सापडल्यामुळे वाचले नाहीत. त्यांनी कामाची दोन-तीन आवरणांत वाटणी केली आणि अडचणीचा बराचसा भाग हातमोज्यावरून उचलून बंदुकीवर टाकला.

यामागचे शरीरशास्त्र आधी पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते. थंडी वाढली की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळते आणि बोटांकडचा रक्तपुरवठा आवळते. बोटात मोठे स्नायू नसतात, त्यामुळे तिथे स्वतःची उष्णता जवळजवळ तयार होत नाही, रक्त घेऊन येईल तेवढीच. ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ टॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिले की गारठलेल्या बोटातल्या रक्तवाहिन्या अधूनमधून आपणहून उघडतात, बोट थोडे गरम होते आणि पुन्हा गारठते. पण ही सवलत शरीराचा गाभा गरम असेल तोवरच नीट मिळते. म्हणून डोके आणि छाती उघडी ठेवून केवळ हातमोज्यावर खर्च करणारा माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो. दुसरी अडचण भूमितीची आहे. बोट म्हणजे बारीक नळी. तिच्याभोवती लोकर जाड करत गेले की बाहेरचा पृष्ठभागही वाढत जातो आणि उष्णता निसटायला तेवढी जास्त जागा मिळते. सपाट पाठीवर जाडी दुप्पट केल्याने जो फायदा होतो तो बोटावर होत नाही. चारही बोटे एकाच पिशवीत घालणारा मिटन पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा उबदार का, याचे उत्तर इथे आहे. आणि नेमके चापाचे बोट त्या पिशवीबाहेर काढावे लागते.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांनी या पेचाशी झुंज दिलीच नाही, त्याला वळसा घातला. त्यांचे मिटन कॅरिबूच्या कातड्याचे, मोठे आणि सैल असत, झटकन हातातून निघतील असे. अंगरखाही इतका ऐसपैस की बाहीतून हात आत ओढून छातीशी धरता यावा. बारीक काम आले की मिटन काढायचा, काम उरकायचे, हात पुन्हा आत. म्हणजे हात उघडाच पडणार नाही असा त्यांचा हट्ट नव्हता. तो किती वेळ उघडा राहील आणि नंतर कुठे गरम होईल याचा हिशेब होता. रोआल आमुन्सेन १९०३ ते १९०६ या काळात वायव्य मार्गाच्या सफरीवर असताना नेत्सिलिक लोकांकडून कपड्यांची ही विद्या शिकला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा ती त्याच्या अंगावर होती. त्याच ध्रुवासाठी निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या माणसांचे मिटनही गळ्यातून घेतलेल्या दोरीला अडकवलेले असत, कारण वाऱ्यात उडून गेलेला मिटन म्हणजे गेलेला हात. ही दोरी क्षुल्लक वाटते. माझ्या मते हातमोज्यांच्या सगळ्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतके हात वाचवणारी दुसरी वस्तू नाही.

फौजांना मात्र वळसा घालणे परवडत नव्हते. शिकारी आपली वेळ निवडतो, सैनिकाची वेळ शत्रू ठरवतो. म्हणून अंगठ्याबरोबर तर्जनीलाही वेगळी जागा देणारा मिटन पुढे आला. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या आणि पुढचे एकशे पाच दिवस जे युद्ध झाले, त्यात पारा काही वेळा उणे चाळीसपर्यंत उतरला. फिनलंडच्या कित्येक राखीव सैनिकांना सरकारकडून टोपीवरचे चिन्ह आणि कमरेचा पट्टा एवढेच मिळाले. बाकी सगळे घरचे. या गणवेशाला लोकांनी पंतप्रधान कायांदर यांच्या नावाने ‘कायांदर मॉडेल’ म्हणायला सुरुवात केली. टोमणा रास्त होता, पण त्यात एक उलटी गोष्ट दडलेली आहे. घरचे कपडे म्हणजे लाकूडतोड्यांचे आणि शिकाऱ्यांचे कपडे, आईने किंवा बायकोने त्या माणसाच्या हाताच्या मापाने विणलेले. रशियन तुकड्या यंत्रसामग्रीने भारी होत्या, तरी सुओमुस्सल्मीच्या जंगलात त्यांच्या कित्येक सैनिकांना गारठ्यानेच गाठले. राउतयार्वीचा शेतकरी आणि नेमबाज सिमो हायहा याने कोल्ला आघाडीवर पाचशेहून अधिक बळी टिपल्याचे सांगितले जाते. त्याची कीर्ती दुर्बिणीशिवाय नेम धरण्याबद्दल आहे, श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरण्याबद्दल आहे. पण त्याच्या पद्धतीत आपल्या विषयाचे सार आहे: जागा आधीच तयार करायची, समोरचा बर्फ थापून घट्ट करायचा, भरपूर थरांत गुंडाळून पडून राहायचे. हाताची हालचाल जितकी कमी, तितका तो उघडा पडण्याचा प्रसंग कमी.

दोन वर्षांनी हाच धडा जर्मनीला फार महागात पडला. २२ जून १९४१ रोजी सुरू झालेली रशियाची मोहीम हिवाळ्याआधी संपेल असे गृहीत होते. डिसेंबरात गोबेल्सने जर्मन जनतेकडे लोकरी कपड्यांची मागणी केली तेव्हा आघाडीवर माणसे गोठत होती. त्या एका हिवाळ्यात हिमदंश झालेल्या जर्मन सैनिकांची संख्या लाखाच्या वर गेली. या मोहिमेसाठी पुढे जे पदक काढले त्याला सैनिक ‘गोठलेल्या मांसाचे पदक’ म्हणत. पुढच्या हिवाळ्यात मात्र पांढरी बाजू बाहेर करता येईल असा दुहेरी गणवेश आला आणि त्यासोबत वेगळ्या तर्जनीचे, दोरीने जोडलेले मिटनही. लाल सेनेकडेही अशीच रचना होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हा चापाच्या बोटाचा मिटन अपुरा असता, तर रशियन, जर्मन, अमेरिकन अशा एकमेकांशी लढणाऱ्या सगळ्या फौजांनी तो का स्वीकारला? उत्तर त्याच्या वापरात आहे. जाणता सैनिक तर्जनी त्या वेगळ्या कप्प्यात ठेवत नसे. ती उरलेल्या तीन बोटांबरोबर आत, उबेत असे आणि गोळी झाडण्याच्या क्षणी बाहेरच्या कप्प्यात सरकवली जाई. म्हणजे तो हातमोजा आणि मिटन यांचा संकर नव्हता. तो मिटनच होता, फक्त त्याला आणीबाणीचे एक दार होते. शिवाय त्या दारातूनही एवढेच होते की बोट चापापर्यंत पोचते. काडतूस भरणे, अडकलेली गोळी काढणे, जखमीला पट्टी बांधणे यांपैकी काहीही त्यात जमत नाही. त्यासाठी आत पातळ लोकरी मोजा ठेवावाच लागे, निदान उघडी कातडी गोठलेल्या पोलादाला चिकटू नये म्हणून.

आणि तर्जनी चापापर्यंत पोचली तरी चापाभोवतीच्या कडीत मावली पाहिजे. हातमोज्याच्या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग मला हा वाटतो, कारण इथे शिंप्याने हात टेकले आणि लोहाराने काम हाती घेतले. जर्मनांनी महायुद्धाच्या उत्तरार्धात आपल्या माउझर रायफलसाठी ‘हिवाळी चाप’ काढला. कडीवर पत्र्याची एक डबी बसवायची आणि बाहेरचा दांडा जाड मिटननेही ओढायचा. अमेरिकेच्या गॅरँड रायफललाही असाच जोड होता. फिनलंडने १९६० च्या सुमारास नवी रायफल घडवताना पहिल्या नमुन्यात चापाभोवती कडीच ठेवली नाही आणि १९६२ च्या रायफलमध्ये ती पुढून मोकळी सोडली. अमेरिकेच्या एम-१६ ची कडी गोळीच्या टोकाने खीळ दाबली की खाली दुमडते. ऑस्ट्रियाच्या स्टायर रायफलवर कडी इतकी मोठी आहे की अख्खी मूठ आत जाते. आल्प्समधल्या फौजेने हा विचार करावा यात नवल नाही. मोकळ्या चापाने अपघात होतात, हा यावरचा आक्षेप खरा आहे. जाड कापड नकळत चापाला लागले तर बोटाला ते जाणवतही नाही. पण पातळ हातमोज्यातल्या बधिर बोटालाही चाप जाणवत नसतो. धोका दोन्हीकडे आहे, आणि तो शिस्तीने आणि बंदुकीच्या सेफ्टीने आवरायचा असतो.

कोरियात १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चोसिन जलाशयाच्या माघारीत हे सगळे एकत्र कसोटीला लागले. अमेरिकन मरीनांना लढाईबाहेरच्या कारणांनी सात हजारांवर माणसे गमवावी लागली, काही कायमची, बहुतेक काही काळ, आणि त्यात मोठा वाटा हिमदंशाचा होता. हातमोजे त्यांच्याकडे होते. पण वंगण घट्ट होऊन बंदुका अडकत होत्या आणि बंदूक अडकली की हातमोजा काढावाच लागे. वैद्यकीय सेवक मॉर्फिनच्या नळ्या गोठू नयेत म्हणून तोंडात धरून फिरत. घाम हा तिथला दुसरा वैरी होता. चढणीवर हात आणि पाय ओले होत आणि थांबल्यावर तो ओलावा गोठे. सुकवायला जागा नसेल तर उत्तमातला उत्तम हातमोजाही दुसऱ्या दिवशी निकामी ठरतो, म्हणून आतले मोजे दोन जोड हवेत, हा निष्कर्ष साधा आहे.

आज कोणी म्हणेल की ही जुन्या लोकरीची कहाणी झाली, आता थिन्सुलेट आहे, गोरटेक्स आहे, बॅटरीवर तापणारे हातमोजे आहेत. गोरटेक्स वारा आणि पाणी अडवते, थिन्सुलेट कमी जाडीत जास्त हवा धरते, हे खरे. पण उष्णता राखते ती अडकलेली स्थिर हवा, आणि ती कुठल्याही धाग्यात धरली तरी तिला जागा लागतेच. बोटाची भूमिती कारखान्यात बदलत नाही. बॅटरी तर थंडीतच मान टाकते. दुसरा दाखला बायथलॉनचा दिला जातो. ते खेळाडू पातळ हातमोजे घालून बर्फात अचूक नेम मारतात. मारतात, कारण त्यांचे शरीर स्कीइंगने पेटलेले असते, नेमबाजी थोड्या वेळात आटपते आणि उणे वीसखाली पारा गेला तर स्पर्धाच सुरू होत नाही. पहाऱ्यावर तासन्‌तास निश्चल बसलेल्या जवानाला यातले काहीही लागू नाही.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची कंपनी लढली ती सोळा हजार फुटांवर, अपुऱ्या हिवाळी कपड्यांत आणि हाताने बोल्ट ओढायच्या .३०३ रायफली घेऊन. प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा म्हणजे प्रत्येक गोळीला हाताची किंमत. १३ एप्रिल १९८४ पासून सियाचीनवर फौज कायमची बसली आणि तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने जास्त माणसे नेली. १९८७ साली बाना सिंग यांच्या तुकडीने एकवीस हजार फुटांवरची चौकी घेतली तेव्हा गारठलेल्या बंदुका रॉकेलच्या स्टोव्हवर शेकाव्या लागल्याचे सांगतात. इतक्या वर्षांत बरेचसे कपडे परदेशातून आले. डिसेंबर २०२१ मध्ये डीआरडीओने उणे पन्नासपर्यंत चालणाऱ्या तीन थरांच्या पोशाखाचे तंत्र भारतीय कंपन्यांना दिले. उल्लेख करण्याजोगी गोष्ट अशी की तो पोशाखही थरांचाच आहे, एकसंध नाही.

मनालीला किंवा लेहला जाणाऱ्या पर्यटकाला, रायफल क्लबच्या नेमबाजाला किंवा नोकरीसाठी नॉर्वे-कॅनडात गेलेल्या माणसाला या इतिहासाचा उपयोग दुकानात होतो. हल्ली चापाची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे. बोटाच्या टोकाला वाहक धागा विणलेले हातमोजे म्हणजे तर्जनीचे तेच जुने दार. एकच महागडा, सगळे करणारा जोड घेण्यापेक्षा आत अंगाबरोबर बसणारा पातळ लोकरी मोजा घ्यावा, वर वारा अडवणारा सैल मिटन आणि दोन्हींच्यामध्ये थोडी मोकळी हवा. आतला मोजा बोटावर ताणून बसत असेल तर रक्त अडते, तो मोठ्या मापाचा घ्यावा. मिटनला मनगटाची दोरी नसेल तर घरी शिवून घ्यावी. बंदूक वापरणाऱ्याने हातमोजे घालूनच, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, कडीत बोट जाते का आणि सेफ्टी फिरते का हे दुकानात पाहावे. नाहीतर ते पहिल्यांदा बर्फात कळते. उणे पाच अंशांपर्यंत साधा पाच बोटांचा हातमोजा बहुतेकांना पुरतो. त्याखाली, आणि वाऱ्यात तर त्याआधीच, मिटनला पर्याय उरत नाही.