भाज्याची वीणा आणि हार्पची कळ

हार्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चर्चच्या रंगीत काचेवरील देवदूत उभा राहतो आणि हे वाद्य परदेशीच, असे आपण गृहीत धरतो. परंतु आमच्या सारसोळ्याहून पुण्याच्या वाटेला लागावे, घाट चढून मळवलीला उतरावे आणि भाज्याची लेणी पाहावी. तेथील विहारात, इंद्राचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पाच्या खालच्या भागात, नर्तकीसमवेत धनुष्याकृती वीणा वाजविणारी व्यक्ती कोरलेली आहे. हे काम इसवी सनापूर्वीचे. ही वीणा म्हणजे हार्पच होय. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताने आपल्या सुवर्णनाण्यावर हेच वाद्य मांडीवर घेतलेले दिसते.

मग ते गेले कोठे? पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत आपल्या अभिजात संगीतातून ते मावळले. ब्रह्मदेशात मात्र ‘साँग’ या नावाने ते आजही नांदते. या लोपाचे एक कारण वाद्याच्या घडणीतच सापडते. हार्पवर एका तारेला एकच स्वर. आपल्या गायकीला हवी होती मींड, आणि ती दांडीच्या वीणेवर एकाच तारेतून निघू लागली.

युरोपात अडचण निराळी होती. तेथे मधूनच स्वर बदलणे हवे होते. सतराव्या शतकात तिरोलमधील कारागिरांनी तारेजवळ आकडे बसविले. आकडा फिरविला की तार अर्ध्या स्वराने चढे. पुढे पायाने चालणारी यंत्रणा आली. 1810 मध्ये एरार यांनी ती पूर्णत्वास नेली. आकड्याचा वारसा आजच्या लिव्हर हार्पच्या कळीने चालविला आहे.

या वाद्यासाठी रचना करणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे: कळ डाव्या हाताने फिरवावी लागते, म्हणून त्या क्षणी त्या हाताला स्वरांतून मोकळीक द्यावी. सामान्यतः हार्प ई फ्लॅट मेजरमध्ये लावतात. त्यात जीची तार षड्ज मानली, तर सर्व कळा खाली असताना भैरवी थाटाचे स्वर मिळतात. गंधार व निषाद यांच्या कळा चढविल्या की तोच भैरव थाट! मींड मात्र मागू नये. ज्या मर्यादेमुळे भाज्याची वीणा मुकी झाली, ती मर्यादा कळीने ओलांडलेली नाही; कळीने केवळ थाट बदलण्याची सोय दिली.

मराठी बायबलात दावीदाच्या हाती ‘वीणा’ दिली आहे. मूळचे ‘किन्नोर’ घडणीने निराळे असले, तरी स्तोत्रांना चाल लावताना ही जुनी वीणा आपल्याला परकी मानण्याचे कारण नाही.