वास्तू, संहिता आणि कालभान

जतन केलेली वास्तू भूतकाळ जसाच्या तसा समोर ठेवते, हा समज पुण्याच्या शनिवारवाड्यापाशी डळमळू लागतो. १७३० मध्ये पायाभरणी आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला पहिल्या बाजीरावाचा हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट, दरवाजे व नगारखाना उरला. आतील प्रासादांची केवळ जोती राहिली. पेशवाईचा अस्त १८१८ मध्येच झाला होता. तटाच्या आत पुढे इंग्रजी अमलातील न्यायालय भरू लागले. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला आणि न्यायालयाची ती इमारत उत्खननासाठी १९२३ पर्यंत पाडण्यात आली. आज दिसणारी जोती जितकी आगीची, तितकीच या निवडीचीही निष्पत्ती होय.

त्याच १९१९ मध्ये, त्याच शहरात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा प्रारंभ झाला. नंतरची भर बाजूला सारून जुना स्तर उघड करावा, ही प्रेरणा दोन्हीकडे दिसते. भेद आहे तो परिणामांत. संपादकाने संहितेतून वगळलेला श्लोक तळटीपेत वा परिशिष्टात टिकून राहतो. वाचकाला तो निर्णय तपासता येतो, नाकारताही येतो. पाडलेल्या भिंतीला अशी तळटीप नसते.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलॉइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकाचे 'ऐतिहासिक मूल्य' आणि 'वयोमूल्य' यांत भेद केला. पहिल्याला वास्तूची मूळ अवस्था महत्त्वाची वाटते. दुसऱ्याला तिच्यावर उमटलेल्या काळाच्या खुणा. शनिवारवाड्यात कौल पहिल्याच्या बाजूने पडला. अनुभव मात्र दुसऱ्याचा येतो. जोत्यांमधून फिरणाऱ्याला काळाने केलेला ऱ्हास जाणवतो; पण तो ज्या काळाचा समजतो, त्यातून १८२८ ते १९१९ ही सुमारे नव्वद वर्षे गळालेली असतात. पेशवाईनंतर थेट आपण, असे कालभान तेथे घडते, आणि मधल्या राजवटीने त्याच जागी चालविलेला न्यायव्यवहार दृष्टीआड होतो.

ही निवड चुकीची होती, असा याचा अर्थ नव्हे. त्या पिढीला पेशवेकालीन स्तर पाहावासा वाटणे स्वाभाविक होते. परंतु ती निवड होती, हे विसरले की अवशेष हाच इतिहास ठरतो. म्हणून संवर्धनाने काय राखले याइतकेच काय वगळले, याची नोंद त्या जागीच वाचावयास मिळणे अगत्याचे आहे.