दिल्लीने घडवलेल्या सई परांजपे

दिल्लीवरच्या आवडत्या चित्रपटांचा विषय निघाला की ‘चश्मेबद्दूर’चे (1981) नाव येतेच. बरसातीत राहणारे तीन मित्र, ‘चमको’ पावडर विकायला दारी येणारी मुलगी आणि सईद जाफरींचा पानवाला लल्लन मियाँ. पण ही अस्सल दिल्ली पडद्यावर आणणारी बाई पुण्याची मराठी आहे, हे माझ्या कार्यालयातल्या अनेक सहकाऱ्यांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

सई परांजपे यांचा जन्म 1938 चा, लखनौचा. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. आई शकुंतला परांजपे संततिनियमनाच्या प्रचारासाठी झटल्या आणि 1964 ते 1970 राज्यसभेच्या नियुक्त सदस्य होत्या. सईबाईंचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक त्यांच्या आठव्या वर्षी निघाले. पुणे आकाशवाणीवर निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम केल्यावर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आल्या आणि 1963 साली तेथून पदवीधर झाल्या. पुढे दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. नोकरी सरकारी, साधने तुटपुंजी; पण थोडक्यात गोष्ट सांगण्याची त्यांची हातोटी तिथेच पक्की झाली असावी, असे मला वाटते.

‘स्पर्श’ (1980) हा त्यांचा चित्रपटही दिल्लीचाच. अंध विद्यालयाचे स्वाभिमानी प्राचार्य नसीरुद्दीन शहांनी रंगवले. पटकथेसाठी सईबाईंना आणि अभिनयासाठी शहांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दया नको, बरोबरीने वागवा, हे त्यात कुठेही भाषण न देता सांगितले आहे.

नंतर ‘कथा’ (1983) मध्ये त्यांनी मुंबईची चाळ उभी केली. तिचे मूळ ‘ससा आणि कासव’ हे मराठी नाटक. ‘दिशा’ने (1990) गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसांची ओढाताण दाखवली. आपल्यासारख्या पोटासाठी घर सोडलेल्यांनी तर तो जरूर पाहावा. ‘साज़’ (1997) दोन गायक बहिणींचा. मधल्या काळात दूरचित्रवाणी मालिका, बालचित्रपट, आणि रंगभूमीवर ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’, ‘माझा खेळ मांडू दे’ ही नाटके. 2006 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

दिल्लीत राहून मुलांचे मराठी सुटते, ही आपल्या घराघरातली काळजी. सईबाईंकडे पाहिले की मला धीर येतो. त्यांनी हिंदीत नाव कमावले, तरी नाटके मराठीत लिहिली आणि आत्मकथनही मराठीतच. ‘सय’ हे त्याचे नाव. सय म्हणजे आठवण. अर्थात भाषा आपोआप टिकत नाही; ती रोज लिहावी, बोलावी लागते.

या उत्सवानंतर एका रविवारी मुलांना जवळ बसवून ‘चश्मेबद्दूर’ दाखवा. हसून झाले की सांगा, हा आपल्या माणसाने केला आहे. मग ‘सय’ची दोन पाने त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥