पहिला नंबर गेलेकवाल्याचा

मी साताऱ्याचा, कबड्डीवर वाढलेला. म्हणून फुटबॉलातही गोल कुणी केला यापेक्षा माणसांच्या गर्दीतून निसटला कोण, हे मी आधी विचारतो. सिंगापूरच्या कोपीटिआममध्ये, म्हणजे कॉफीच्या टपरीत, इथला सर्वांत भारी फुटबॉलपटू कोण हा वाद काढला की कोपी थंड होते.

बहुतेकांचा कौल फांदी अहमदला. १९८३ साली हॉलंडच्या ग्रोनिंगेनकडून त्यानं इंटर मिलानवर गोल केला, हे खरंच. दुसरे क्वा किम सोंगचं नाव घेतात: १९७७ची मलेशिया कप फायनल, क्वालालंपूर, जादा वेळ, त्याचा गोल, आणि सिंगापूरची पेनांगवर ३-२ मात. बारा वर्षांनी कप घरी आला.

माझं मत डोल्ला कासिमला. त्याला ‘गेलेक किंग’ म्हणत. मलय भाषेत गेलेक म्हणजे कंबर डोलवणं. मी त्याला खेळताना पाहिलं नाही. पण शेजारच्या सत्तरीतल्या पाकचिकनी, म्हणजे मलय काकांनी, एकदा खुर्ची सरकवून ती हुलकावणी करून दाखवली. गुडघे दुखत असतानाही! आमच्याकडचा चढाईबहाद्दर अशीच कंबर फिरवतो.

डोल्ला २०१० साली गेला. तो जिथं खेळला ते कालांगचं जुनं स्टेडियमही पाडलं; त्याच जागी २०१४ पासून नवं उभं आहे.