परवान्याची मुदत आणि परदेशी परिचारिका

नागपूरहून अमरावतीस येणाऱ्या रस्त्यावर तिवसें तालुक्यांत मोझरी हें गांव लागतें. १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं तेथें गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि सर्व धर्मांच्या लोकांनीं एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना तेथून वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत पोहोंचली. पुढच्याच वर्षीं ऑर्फा स्पायकर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरीणबाई हिंदुस्थानांत उतरल्या, व तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील वाशीम येथें नाझरीन मिशनच्या वतीनें त्यांनीं रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभारलें. एकाच मुलखांत, एकाच सुमारास सेवेचीं हीं दोन स्थानें निर्माण झालीं. गुरुकुंजांतल्या सेवकाला आपण येथें किती दिवस राहणार, हें कोणत्याही कचेरीस कळवावें लागत नसे. (महाराजांना १९४२ सालीं सरकारनें तुरुंगांत टाकलें, ही गोष्ट निराळी.) वाशीमच्या रुग्णालयांत समुद्रापलीकडून येणाऱ्या परिचारिकेला मात्र तें कळविणें भाग होतें.

१९२० च्या कायद्यानें हिंदुस्थानांत येणाऱ्यास पासपोर्ट आवश्यक झाला. १९३९ सालीं परकीयांच्या नोंदणीचा कायदा आला आणि जिल्ह्याच्या गांवीं पोलीस सुपरिंटेंडेंटच्या कचेरींत नोंदवही उघडली गेली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं महायुद्ध पेटलें. जर्मन पुरुषांची रवानगी प्रथम अहमदनगरच्या किल्ल्यांत झाली. पुढें स्त्रिया व मुलें यांनाही पुरंदर, सातारा येथील छावण्यांतून ठेवण्यांत आलें. गंमत अशी कीं, विलायतेहून आलेली परिचारिका या कायद्यानें परकी ठरतच नव्हती. अमेरिकेहून आलेली मात्र ठरत असे. दोघी शेजारच्या खाटांवरील रोग्यांची शुश्रूषा करीत असल्या तरी एकीला नोंदणी, दुसरीला नाहीं! स्वातंत्र्यानंतरही हा भेद पुष्कळ काळ राहिला. ब्रिटन, कानडा वगैरे राष्ट्रकुलांतील देशांच्या नागरिकांस व्हिसा लागूं लागला तो १९८४ सालीं.

१९४६ च्या परकीय नागरिक कायद्याप्रमाणें मुदतीबाहेर राहणारास पांच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शके. सरकार त्याला ठराविक जागींच राहण्याचा किंवा देश सोडण्याचा हुकूमही करूं शके. परिचारिकेची अडचण तुरुंगापेक्षां निराळीच होती. तिचा परवाना एका कामाला व एका संस्थेला बांधलेला. ती नोकरी सुटली कीं राहण्याचा आधारच सुटला.

वऱ्हाड त्या काळीं मध्यप्रदेश राज्यांत होतें. १९५४ च्या एप्रिलांत त्या सरकारनें नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ सालीं निघाला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतु आहे त्या मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावें, आणि डॉक्टर व परिचारिका यांच्या नोंदणीच्या नियमांत कामाच्या वेळीं धर्मप्रचार न करण्याची अट घालावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. दुसरी शिफारस रास्तच म्हटली पाहिजे. अंथरुणाला खिळलेला मनुष्य वादविवाद करूं शकत नाहीं. पण पहिलीचा अंमल कसा करावा? एखाद्या बाईचा मुख्य हेतु कोणता, हें नोंदवहींत पाहून कोणत्या अंमलदाराला कळणार? १९५६ च्या नोव्हेंबरांत वऱ्हाड मुंबई राज्यांत गेलें, आणि अहवाल तयार करविणाऱ्या राज्याशीं त्याचा संबंध संपला.

दीर्घ वास्तव्यानें हक्क उत्पन्न होतो काय, या प्रश्नाचें उत्तर १९९१ सालीं सुप्रीम कोर्टानें दिलें. लुई द रेड्ट हे बेल्जियन मिशनरी १९३७ पासून या देशांत राहत होते. १९८७ सालीं त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हां आपण येथलेच नागरिक झालों आहों असें त्यांनीं मांडलें. कोर्टानें तें मानलें नाहीं. परदेशी पासपोर्ट बाळगून ते राहण्याचे परवाने घेत आले होते, आणि कायमचें येथेंच राहण्याचा त्यांचा निश्चय सिद्ध होत नव्हता. परकीयाला जीविताचें व स्वातंत्र्याचें संरक्षण आहे, परंतु येथें वस्ती करण्याचा मूलभूत हक्क नाहीं, असा तो निर्णय आहे. म्हणजे ज्या शिक्क्यांनीं मनुष्य कायदेशीरपणें राहिला, तेच शिक्के तो पाहुणा असल्याचा पुरावा ठरले. निकाल कायद्याला धरून असेल. पण पन्नास वर्षें एके ठिकाणीं राहिलेल्या माणसाला तो कसा लागला असेल, याची कल्पना करवत नाहीं.

यांतून सुटण्याची वाट नागरिकत्वाची. व्हेरियर एल्विन व मदर तेरेसा यांनीं ती धरली. पुष्कळ जणींनीं ती धरली नाहीं. म्हातारपणीं मायदेशीं परतावें ही ओढ त्यांनाही होतीच. वाशीमला जीन डार्लिंग या अमेरिकन परिचारिकेनें परिचारिकांची शाळा उभी केली, तिचें महत्त्व येथें दिसतें. परवाना संपून बाई गेल्या तरी रोग्याची खाट बेवारस राहणार नाहीं, एवढी तजवीज तिनें झाली.

१९४६ चा कायदा आतां गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलांत आला असून मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यांत आहेत. प्रवाहही आतां उलटा झाला आहे. येथल्या मुली आखातांत परिचारिका म्हणून जातात, तेथें मालकाच्या जामिनावर राहतात, आणि नोकरी सुटली कीं त्यांच्याही परवान्याचे दिवस मोजले जाऊं लागतात. दलालांच्या फसवणुकीमुळें २०१५ सालीं भारत सरकारनें ठराविक १८ देशांसाठीं परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा नियम केला.